सरकीचा वास

"पाह्य भाऊ, दाना दिसते काय?"

वाटीत दारू ओतून तो ज्वारीचा एक दाणा आत टाकायचा आणि वाटी उन्हात धरायचा. तळाशी दाणा लख्ख दिसला तर दारू जमली. धूसर दिसला तर वाटी सरळ उकिरड्यावर.

मेळघाटातला हा कोरकू म्हातारा. कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत बायकोला घेऊन अकोल्यात आला आणि गठाणी बांधायच्या आवारात हमालीला लागला. मोर्णा नदीकाठच्या माझ्या भाजीच्या वाडीला लागूनच त्याची झोपडी होती.

तुम्ही ती वर्षं पाहिली असतील तर ठाऊक असेल, तेव्हा साऱ्या गावाला घाई सुटली होती. घरी मोहाची दारू गाळायची तरी हमाल चुलीत लाकडं कोंबायचे. मडक्यातला आंबलेला मोह उसळून नळीत शिरायचा, दारू गढूळ उतरायची आणि करपट लागायची. मग ती घेऊन सगळे याच्या दारात.

"मोह का पळून चालला बाप्पा? आच कमी कर," तो म्हणायचा आणि मंद आचेवर पुन्हा गाळून द्यायचा.

चूल त्याची, पण वास घ्यायची त्याची बायको. कापसाच्या धुळीनं याचं नाक कधीच बंद झालं होतं. "माह्यं नाक बुढीपाशी हाये," असं हसून सांगायचा. एका उन्हाळ्यात ती पटकीनं गेली.

गेलेल्या माणसाचं नाव घेऊन म्हाताऱ्याच्या गावी घरची दारू मातीवर सोडत. दारू वास मारणारी असली तर ते माणूस तोंड फिरवून उपाशी जातं, असं तो म्हणे. त्यामुळे तिच्यासाठी दारू गाळायला बसला. दाणा दिसायचा. मग वाटी माझ्या नाकाशी यायची. मी माळकरी, पण वास घ्यायला माळेची हरकत नव्हती.

"वास येते काय?"

"येते बाबा. सरकीच्या तेलावानी."

त्याचा चेहरा उतरायचा. त्यानं मडकं बदललं, पाणी बदललं, नळी नवी केली. वास काही जाईना. शेवटी मी झोपडीत शिरलो तर मोहाची फुलं कापसाच्या पोत्यात भरलेली! अकोल्यात तेव्हा दुसरं पोतं मिळणार तरी कुठून?

"बुढी असती तं तिनं पयल्याच दिवशी सांगतलं असतं," म्हणाला आणि रडू लागला. मलाही आवरलं नाही.

पुढच्या मोसमात त्यानं फुलं बांबूच्या टोपलीतून आणली. या खेपेला मी वाटी हुंगली आणि म्हणालो, "कायचाच वास नाही बाबा." त्यानं कितीतरी वेळ माझा हात सोडला नाही. धारणीकडे, आपल्या गावी जायला गाडी मिळेना, सगळ्या कापसाला जुंपलेल्या. मडकं डोक्यावर घेऊन तो पायीच निघाला.

पुढं बांबू घेऊन आलेल्या एका गाडीवानानं सांगितलं, म्हातारा घाटात झाडाखाली मरून पडला होता. मडकं शाबूत होतं.

"आमी त्याच्याच नावानं थोडी मातीवर सोडली, मंग पेलो. लय निर्मय होती बाप्पा, जराबी वास नाही."

"अरे, ती त्याच्या बायकोसाठी होती!"

गाडीवान चपापला. गाडीतून भोपळ्याचा तुंबा काढून म्हणाला, "घोटभर उरली हाये. आत्ता सोडतो. नाव सांग तिचं."

मी नाव आठवू पाहिलं. म्हाताऱ्याच्या तोंडून 'बुढी'शिवाय तिचं दुसरं नाव मी कधी ऐकलंच नव्हतं.