फरक आढळला नाही

कुंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या भाच्याने केला. "अंकल, बुआ नहीं रहीं," एवढंच म्हणाला. मी तेव्हा रायपूरच्या बुढापारा भागात तलावाच्या काठी फिरायला आलो होतो. तिथेच बाकावर बसलो. रडू आलं नाही. राग आला, आणि पाच आठवडे झाले तरी तो उतरलेला नाही. शोकसभेत तर डोकंच फिरलं. आमचे जुने साहेब हार घातलेल्या फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "मैडम ने पूरा जीवन हरियाली को दे दिया." हरियाली! मी उठलो आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागलो...

ताई सरकारी शेती फार्मावर मातीतले जीवाणू तपासायच्या. मी तिथल्या खताच्या गोदामाचा कारकून. दोघंही विदर्भातून आलेल्या घरांतले, म्हणून डबा बरोबर खायचो. रायपूर राजधानी व्हायच्या आधीपासून ताईंनी शेताचे चार पट्टे जिवापाड राखले होते. पावसाळ्यात भात, मग हरभरा. एकाला युरिया, दुसऱ्याला अमोनियम सल्फेट, तिसऱ्याला शेणखत, चौथ्याला काहीच नाही. बी तेच, पाणी तेच. युरियाचा पट्टा डोळ्यांत भरायचा. "वरून काय पाह्यतं? खाली पाह्य," म्हणत त्या झाड मुळासकट उपटायच्या. हरभऱ्याच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतले जीवाणू हवेतला नत्र झाडाला मिळवून देतात. गाठ नखाने फोडायची. आत गुलाबी असली तर जीवाणू कामावर, हिरवट असली तर काम बंद. शेणखताच्या मुळांवर गुलाबी गाठींचे घोस, युरियाच्या मुळांवर चारदोन बारक्या. अमोनियम सल्फेटच्या पट्ट्यातली माती वर्षागणिक आंबट होत चाललेली. "युरिया काही जहर नाही रे," त्या म्हणायच्या, "पण आयतं भेटून राहिलं तं झाड गाठी कायले धरते?"

राजधानी नवी, त्यामुळे पाहुण्यांना तोटा नव्हता. ताई भाचीच्या लग्नाला नागपूरला गेल्या आणि इकडे मंत्र्यांचा मोठा दौरा ठरला. साहेबांनी बांधावरून फर्मावलं, "पूरा खेत एक जैसा हरा दिखना चाहिए." मी "सर, वो मैडम का..." एवढं पुटपुटलो. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि मी गोदामाची किल्ली काढून दिली. चारही पट्ट्यांवर युरिया पडला, वरून पाणी. दौऱ्याच्या दिवशी शेत हिरवंकंच. पाहुणे गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत!

ताई परतल्या त्या थेट शेतात. शेणखताच्या पट्ट्यातलं झाड उपटलं, गाठ फोडली. हिरवट.

"चाबी कोणं देल्ली, वामन?"

"मीच."

"तुले तं मालूम होतं."

"हव, ताई."

साहेबांनी मग त्याच एका हंगामाच्या जोरावर अहवाल पाठवला: खतांच्या प्रकारानुसार फरक आढळला नाही. ताईंच्या आधीच्या वर्षांच्या वह्या जोडल्याच नाहीत. त्या पत्रांवर पत्रं लिहीत राहिल्या, उत्तर आलं नाही. पट्ट्यांच्या जागी गाड्यांची शेड उभी राहिली. पण साहेबांना काय बोलू? किल्ली माझ्या खिशात होती. हरवली म्हणता आलं असतं, पोट दुखतंय सांगून घरी जाता आलं असतं. इतकं साधं खोटंसुद्धा मला त्या दिवशी जमलं नाही, याची चीड येते.

निवृत्तीनंतर ताईंनी गच्चीवर तेलाच्या चार डब्यांत हरभरा लावला. दर हिवाळ्यात मला बोलवायच्या, एक मूळ हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "नख लाव." मग चहा. ती माफी होती की शिक्षा, हे विचारायची माझी छाती झाली नाही...

गेल्या रविवारी भाच्याने विचारलं, "अंकल, ये डिब्बे फेंक दूँ?" मी त्याच्यावर उगाच खेकसलो. डब्यांवर ताईंच्या अक्षरात खतांची नावं होती. शेणखताच्या डब्यातलं झाड उपटलं आणि नख लावलं. गुलाबी. युरियाच्या डब्यातलं उपटलं. मुळं चाचपून थकलो, एक गाठ सापडेना. दोन्ही हातांत दोन झाडं धरून मी मोठ्याने म्हणालो, "फरक हाये, ताई."

हेच तेव्हा साहेबांसमोर म्हणायचं होतं.