मारोतीच्या केबिनचं दार

भालकीत मारोतीचा आवाज ओळखणारी माणसं शेकड्यानं होती. त्याचं तोंड ओळखणारी वीस तरी असतील का, शंका आहे. बंडेप्पा अण्णांच्या टाकीजमध्ये तो ऑपरेटर होता, आणि खेळ सुरू झाला की केबिनला बाहेरून कुलूप लागायचं. किल्ली गेटकीपर गुरप्पाच्या कमरेला.

कुलपाचं कारण अण्णा सगळ्यांना सांगायचे. सत्तर साली एका खेळात रीळ तीनदा तुटलं, तेव्हा चार पोरं लोखंडी जिना चढून गेली आणि मारोतीला मारून आली. "त्याच्याच जिवासाठी कुलूप हाय," अण्णा म्हणायचे. हे खरं होतं. पण त्याआधी मध्यंतरात मारोती खाली येऊन सगळ्यांबरोबर बाकड्यावर चहा प्यायचा, आणि कुलूप लागल्यापासून त्याचा पेला भिंतीतल्या भोकातून आत जायला लागला, हेही खरं होतं. बाकडं मोकळं झाल्याचं कुणाकुणाला बरं वाटलं, ती नावं मला पाठ आहेत.

मारोती कोहिनूर गावचा. बापानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा हा पोरसवदा होता. सातवी पास. उदगीरला तंबूच्या सिनेमात मशीन शिकला. सही अशी करायचा, की तहसीलच्या कारकुनानं मान खाली घालावी. शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके द्यायचा, ते कशाचे म्हणून विचारलं तर हसायचा.

मी तेव्हा कामगार संघटनेचं काम करायचो. मी त्याला म्हणालो, "बिदरला लेबर ऑफिसरकडं अर्ज टाकू. माणसाला कोंडून काम घेता येत नाही. तू फक्त सही कर."

"आन् नोकरी गेली तर, दादा? तुमची संघटना भाकरी टाकणार हाय का माझ्या घरात?"

"मग रहा कोंडून. गुलाम!"

शब्द गेला तोंडातून. माझं असंच आहे. चार महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

एकाहत्तरच्या दिवाळीत हैदराबादहून भलतीच पेटी आली. मारामारीच्या हिंदी पिक्चरऐवजी इंग्रजी निघाला. बर्फाचा मुलूख, लांब कोट घातलेला एक गुप्तहेर. तो आगगाडीतून उतरतो, खूप चालतो, पकडला जातो, किल्ल्यातल्या तुरुंगात पडतो, आणि शेवटी एक बाई कागद दाखवून त्याला सोडवून नेते. गाणं नाही. पिस्तूल एकदाच वाजतं, तेही चुकून. पहिल्या खेळाला अर्ध्या तासात खुर्च्या आपटायला सुरुवात झाली.

केबिनमध्ये एक माईक होता. पुढचा खेळ कुठला, कुणाचं पोरगं हरवलंय, एवढंच त्यावर सांगायचे. अण्णा धापा टाकत जिना चढले.

"मारोती, माईकवर गोष्ट सांग लोकांना."

"मला इंग्रजी येत न्हाई, अण्णा."

"बघणाऱ्यांनाबी येत न्हाई. बोल!"

आणि कुलूप लावून ते खाली आले.

मारोती बोलायला लागला. त्यानं त्या हेराला आमच्याजवळच्या चिटगुप्पा गावचा केला. "हा गडी चिटगुप्प्याचा. बायकोला सांगून आलाय की बाजाराला जायलाव, आन् आलाय बर्फात." लोक हसले. तुरुंगाचा गलेलठ्ठ पहारेकरी पडद्यावर आला तेव्हा म्हणाला, "ह्येचं नाव गुरप्पा. किल्ली ह्येच्या कमरेला असती." सगळं थिएटर मागं वळून गेटवरच्या गुरप्पाकडं बघत खदाखदा हसलं. दुसऱ्या दिवशी खेळ भरला. तिसऱ्या दिवशी बाहेर हाउसफुल्लचा बोर्ड लागला.

चहाच्या हॉटेलात मात्र दोन तट पडले. नरहरराव मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. ते म्हणाले, "शुद्ध खोटारडेपणा! इतका गंभीर चित्रपट, आणि तो वरचा माणूस त्याचा तमाशा करतोय. माईक बंद करा, लोकांना विचार करू द्या."

"मास्तर, इचार करायला शाळा हाय की," उसाच्या गाडीवरचा एक जण म्हणाला. "आमाला पैल्यांदा इंग्रजी समजायलंय."

"समजलं ते इंग्रजी नव्हे, बाबा!"

दुसऱ्याचं मत आणखी वेगळं. "हेर कसला त्यो? कुणाला मारत न्हाई, पळत न्हाई, नुसता कोट घालून फिरायलाय. आमच्या गावचा कोतवाल बरा."

थिएटरात भाजक्या शेंगा विकणाऱ्या कलाबाईनं सगळे खेळ पाहिले होते, तिला तर पिक्चर अजिबात आवडला नव्हता. "सोडवती ती बाई. आन् मारोती बोलतो कुणाचं? त्या कोटवाल्याचं! बाईला दोन वाक्यं, बस. त्येला म्हणावं, बाईचं बी सांग काही."

मला पिक्चर आवडला. तुरुंगाच्या भागासाठी आवडला. हेराला कोठडीत ढकलून दार लागतं, आणि तो कितीतरी वेळ नुसता गजांना धरून उभा राहतो. तेवढ्या वेळात मारोती एक अक्षर बोलायचा नाही. रोज तिथं माईक गप्प. ती जागा मी तीनदा जाऊन बघितली. वर जाऊन त्याच्याशी बोलावं असंही वाटलं. पण आधी कोण बोलणार, हा माझा अडेलपणा.

नवव्या दिवशी बाजार होता. तीनचा खेळ, पाय ठेवायला जागा नाही. नव्या पिक्चरची पेटी बसनं येणार होती, म्हणून गुरप्पा कमरेच्या किल्लीसकट स्टँडवर गेला. नेहमीचंच होतं ते, कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

तुरुंगाचा भाग आला. दार लागलं. हेरानं गज धरले. आणि माईक बोलला.

"दार उघडा."

लोक पुढं सरकून ऐकायला लागले.

"दार उघडा. धूर झालाय. मी आत हाय. गुरप्पा! ए गुरप्पा, किल्ली आण!"

काय टाळ्या पडल्या! शिट्ट्या, आरोळ्या. "उघड रे गुरप्पा!" म्हणून पुढची पोरं ओरडायला लागली. पडद्यावर हेराचं तोंड गजांच्या मधोमध, आणि वरून मारोतीचा खोकला. असा खोकला, की मागचा एक जण म्हणाला, "वा! आज रंगात आलाय गडी." विड्यांचा धूर नेहमीचाच, उजेडाच्या पट्ट्यात जास्तीचा धूर कुणाला दिसणार?

मीही टाळ्या वाजवल्या. जोरात वाजवल्या. मला वाटलं, अखेर बोलला पठ्ठ्या. सगळ्या गावासमोर अण्णांची लाज काढली. अर्जापेक्षा भारी!

कलाबाई मधल्या वाटेत टोपली घेऊन उभी होती. ती ओरडली, "आज कामून बोलायलाय त्यो? हितं तर त्यो रोज गप असतो!"

"बस खाली, कलाक्का, दिसू दे."

"आरं, गप असतो हितं! रोज गप असतो!" तिनं टोपली टाकली आणि जिन्याकडं पळाली. शेंगा सगळीकडं सांडल्या. तेव्हा मी मागं वळून पाहिलं. ज्या भोकातून चहा आत जायचा, ते तांबडं झालं होतं.

मी जिना कसा चढलो, आठवत नाही. दार आतून वाजत होतं, मग वाजायचं थांबलं. जिन्याखाली एक काळा दगड होता, तो कलाबाईनंच वर आणून माझ्या हातात दिला. सातव्या-आठव्या घावाला कोयंडा निघाला. पंख्याच्या वायरीनं पेट घेऊन खालची जुनी पोस्टरं जळत होती, आणि मारोती दाराशी पडला होता. हातांनी पोस्टरं विझवायला गेला होता. उजव्या तळव्याचं कातडं सोलून निघालेलं.

मशीन तेवढं चालूच होतं. खाली ती बाई कागद दाखवून हेराला घेऊन गेली. माईक बंद पडल्यामुळं काही लोकांनी पैसे परत मागितले.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यात अर्ज घेऊन गेलो, शाईची डबी घेऊनच. "सही जमणार नाही. डाव्या हाताचा अंगठा दे."

"अंगठा न्हाई देणार."

"अरे, आज दिला तर अण्णा अडकतील. उशीर केलास तर हातचं जाईल."

"दादा, माझ्या आज्यानं अंगठा दिला, बापानं दिला. मी सातवी पास हाय. हात बरा झाला की सही करतो."

मी चिडलो. शाईची डबी तिथंच आपटून निघून आलो. आता कळतं, त्या डबीच्या जागी मलाच आपटायला पाहिजे होतं.

हात बरा व्हायला सव्वा महिना लागला. वाकडीतिकडी का होईना, सही झाली. ठिपके मात्र दोन्ही जागेवर. तोवर अण्णांनी बाहेरचा कोयंडा काढून आतून कडी बसवली होती. बिदरहून लेबर ऑफिसर साहेब आले, दार बघून म्हणाले, "कुलूप कुठे आहे? मग तक्रार कशाची?" फाईल बंद.

अण्णांनी दुसरा ऑपरेटर ठेवला. मारोतीनं दीड वर्ष दुष्काळात खडी फोडली, त्या हातानं. नवा ऑपरेटर लातूरला पळाला तेव्हा अण्णांनी बोलावलं, आणि हा गेला. मी विचारलं, "त्याच केबिनमध्ये जाणार?"

"दुसरी कुठली हाय?" तो म्हणाला. मग म्हणाला, "एक सांगा, दादा. त्या दिशी टाळ्या वाजल्या, त्यात तुमीबी व्हता न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. आयुष्यात इतकं बारीक मी कधी बोललो नाही.

मी वाजवलेल्या टाळीचा हिशेब त्यानं पुन्हा कधी काढला नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

आत कडी असूनही त्यानं दार कधी लावलं नाही. सताड उघडं. मशीनचा कर्रकर्र आवाज बाल्कनीत यायचा, पडद्याच्या कोपऱ्यात उजेड सांडायचा. लोक कुरकुरायचे. मास्तर दर आठवड्याला अण्णांकडं तक्रार करायचे, अण्णा जिन्याखालून शिव्या द्यायचे. दार उघडंच राहायचं.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात वावटळ सुटली. खेळ ऐन रंगात, नायिका पाण्यात उतरलेली, आणि वर धाडकन दार आपटलं. लगेच पडदा काळा झाला. मशीन बंद. शिट्ट्या सुरू झाल्या. "ए ऑपरेटर, झोपलायस का रं?"

मी टाळी वाजवली नाही. उठलो, जिना चढलो. दार ढकललं. मारोती भिंतीला पाठ लावून उभा होता, दोन्ही हात छातीशी. कडी लागलेली नव्हती, नुसतं ओढलं असतं तरी उघडलं असतं. पण तो दाराजवळ गेलाच नव्हता.

मी खाली उतरून तो काळा दगड शोधला, वर आणला आणि दार पुन्हा आपटू नये म्हणून दाराला लावला. मग मारोतीनं मशीन सुरू केलं.