मुकुंदरावांचा परवा

सरकारी कारखाना बंद पडला तेव्हा मुकुंदराव पंचेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात हा गृहस्थ कॉम्प्युटर शिकला आणि आमच्या कंपनीच्या, निजामाच्या शहरातल्या आबिड्सच्या शाखेत हंगामी म्हणून लागला. पाच वर्षं हंगामीच. २००६च्या मार्चमध्ये कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव पहिल्यांदा आलं, आणि नेमका त्याच आठवड्यात सर्व्हर रुसला.

हा सर्व्हर गिऱ्हाइकांचे अर्ज एक्सएमएल फाइलींत भरून त्यांवर डिजिटल सही करी. सोमवारी वीज गेली, सर्व्हर पुन्हा चालू केला, आणि तेव्हापासून प्रत्येक फाइल परत येऊ लागली: सही जुळत नाही. बुधवारी पुण्याच्या मुख्य कचेरीतून मला धाडलं.

"सहीचं सर्टिफिकेट कधी बदललंत?" मी सर्व्हर सांभाळणाऱ्या मुकुंदरावांना विचारलं.

"परवाच बदललं की, मॅडम."

परवा म्हणजे सोमवार. सोमवारच्या नोंदी चाळल्या, रविवारच्याही. सर्टिफिकेटचं नावनिशाण नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा "परवाच." दोन दिवस त्याच ओळी वाचून जीव विटला. माझं डोकं मुळातच तापट. गुरुवारी संध्याकाळी पुण्याला लिहून टाकलं, मुकुंदराव खोटं बोलतात.

शुक्रवारी चहाच्या वेळी टेलिफोनवरची शोभा फोटो दाखवत होती. "हा माझ्या लग्नातला, परवाचा."

"परवाचा? तुझी मुलगी आठवीत आहे ना?"

"हौ. होऊन गेलं ते समदं आमच्यात परवाच, मॅडम. इथं हिंदीत कधीच्याही गोष्टीला परसों म्हणतात ना, तसं."

चहा तसाच टाकून मी एकेक महिना मागे जात नोंदी उघडल्या. सर्टिफिकेट डिसेंबरात बदललं होतं, त्याच्या जोडीची, सही करणारी नवी किल्ली बसवायची राहिली होती. सर्व्हर मधे कधी बंदच झाला नाही, म्हणून त्याच्या मेमरीतली जुनी जोडी चालत राहिली. वीज गेली आणि नव्या सर्टिफिकेटशी जुन्या किल्लीची गाठ पडली. नवी किल्ली बसवली, दहा मिनिटांत फाइली जाऊ लागल्या.

पुण्याला फोन केला. यादी सकाळीच पक्की झाली होती, मुकुंदरावांचं नाव कापून. आता पुढच्या मार्चला बघू, म्हणाले. मला स्वतःची लाज वाटली. उठून मुकुंदरावांना सगळं सांगितलं, काही न लपवता.

"फाइली जातायत ना आता?" त्यांनी आधी विचारलं. मग थकल्यासारखे खुर्चीत बसले.

"विद्यानगरला घरी वडील आहेत, मॅडम. ब्याऐंशीचे. जन्मभर मास्तरकी केली. रोज यादीचं विचारतात. आज काय सांगू त्यांना? कायम झालो नाही म्हणू, की खोटा ठरलो म्हणू?"