प्रवासाची गोळी

आमचं घर विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी दुपारपासून निम्मं गणगोत आमच्या गॅलरीत जमायचं. एरवी वर्षभर ज्यांना आमचा पत्ता सापडत नाही, तेसुद्धा. कुत्रा आणला त्या वर्षी खाली ढोल सुरू झाले आणि तो पलंगाखाली शिरला, तिथंच मुतला आणि ओढून काढायला गेलेल्या मेहुण्याला चावला. मेहुण्याचं मला फारसं दुःख झालं नाही, पण चारचौघांत शोभा झाली.

पुढच्या वर्षी मी उपाय शोधला. लोणी काळभोरला भावाकडे जाताना हा गाडीत धुमाकूळ घालायचा, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा प्रवासापुरती गोळी लिहून दिली होती. ती चिठ्ठी मी नुसती जपली नव्हती, लॅमिनेट करून घेतली होती. कचेरीत जन्मभर कागद सांभाळले, सवय जात नाही. कोपऱ्यावरचा औषधवाला माझा शाळेतला मित्र. तो कशाला तारीख बघतोय? तेच विचारायला पुन्हा डॉक्टरांकडे जायचं आणि तासभर बाकावर बसायचं, हे मला पटलं नाही.

गोळी पेढ्यात दडवून दिली. तासाभरात कुत्रा हॉलच्या कोपऱ्यात आडवा झाला. एकामागून एक पथकं वाजत गेली, त्यानं मान उचलली नाही. पाहुणे त्याला ओलांडून चहाचे कप नेत होते. ‘‘कुत्रा असावा तर असा,’’ मेहुणासुद्धा म्हणाला. मी फुशारून गेलो.

बायको तेवढी म्हणाली, ‘‘अहो, हा झोपलाय असं वाटत नाही मला. डोळे बघा त्याचे.’’

‘‘मग उठवून विचार त्याला,’’ मी म्हणालो.

असं चार वर्षं चाललं. शेवटी शेवटी तो पेढा बघून मागे सरायचा, तेव्हा मी जबडा उघडून गोळी घशात घालायचो. चौथ्या वर्षी दुसऱ्या दिवशीही त्याला मागच्या पायांवर उभं राहता येईना, म्हणून दवाखाना गाठला. जुने डॉक्टर निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी एक तरुण बाई होत्या. मी मिरवणुकीचं सांगून चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली, जरा ऐटीतच.

‘‘ही प्रवासासाठी होती. मिरवणुकीला का दिलीत?’’

‘‘गप्प पडून राहतो.’’

‘‘डोळे उघडे असतात?’’

मी काही बोलायच्या आत बायको हो म्हणाली.

‘‘काका, या गोळीनं अंग लुळं पडतं, भीती जात नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं. फक्त पळता येत नव्हतं.’’

रिक्षात कुत्रा बायकोच्या मांडीवर होता आणि मला एकच गोष्ट आठवत होती. तिसऱ्या वर्षी पाहुण्यांना गंमत दाखवायला मी त्याच्या कानाशी स्टीलचं ताट वाजवलं होतं. तो हलला नाही, सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. लाज वाटली, आणि ती कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

बाईंनी पुढच्या वर्षीसाठी भीतीवरचं खरं औषध लिहून दिलं. गणपती यायच्या आधी काही आठवडे रोज थोडं, आणि विसर्जनाला दुपारी एक गोळी जास्त. मी वेळा भिंतीवर लिहून लावल्या. पण माझ्या हातून तो पोळीसुद्धा घेईना. हुंगायचा आणि तोंड फिरवायचा. मग औषध बायकोनं दिलं.

विसर्जनाच्या दिवशी मी कुणाला बोलावलं नाही. ढोल अगदी खिडकीखाली आले, तेव्हा न राहवून आतल्या खोलीत डोकावलो. बायको जमिनीवर बसली होती. कुत्रा तिच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे मिटून, शांत श्वास घेत होता. औषध लागू पडलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी जवळ जाऊन वाकलो आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानं डोळे उघडले, मला पाहिलं आणि तो थरथरायला लागला.

‘‘अहो,’’ बायको हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही जरा बाहेर बसता का?’’

मी गॅलरीत जाऊन बसलो.