दाजींची डबल बेल

दाजींचे किस्से आठवावे लागत नाहीत. आमच्याकडं चहाचं आधण ठेवलं की एखादा आपोआप निघतो. अख्खी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून काढली. पेन्शनीत आले तरी डोक्यातली गाडी सुरूच आहे. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. त्यातले हे नेव्हिसचे.

नेव्हिस हे कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट. माझी भाची शीतल तिथं नवऱ्याबरोबर डॉक्टर आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही आपली रीत. पण तिला येता येईना. तेव्हा माझी आक्का म्हणाली, "लेक माहेरी येत न्हाय, तर माहेर लेकीकडं जाईल की. बाळ यायच्या आधी मी तिथं पाहिजे." दाजी निघालेच, इंग्रजी बोलायला म्हणून मलाही बरोबर घेतलं.

मी दाजींना वाट समजावली. मुंबई, लंडन, अँटिग्वा, तिथून छोट्या विमानानं सेंट किट्स आणि शेवटी बोट.

दाजी म्हणाले, "आजऱ्याची थेट गाडी चुकली की असंच जातोय की आपण. त्यात काय एवढं?"

*

अँटिग्वाला छोट्या विमानात बसण्याआधी सामानासकट माणसांचंही वजन करत होते. आक्का डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून काट्यावर उभी राहिली. आकडा बघून तिथल्या पोरीनं भुवया उंचावल्या.

आक्का मला म्हणाली, "तिला सांग, समदं डब्याचं हाय."

मी सांगितलं. पोरीनं डबा खाली ठेवायला लावला. आकडा फारसा हलला नाही. सेंट किट्स येईपर्यंत आक्का माझ्याशी बोलली नाही.

*

विमान सुटायच्या वेळी दाजी उठले आणि वाकून वाकून माणसं मोजू लागले. "एक कमी हाय," त्यांनी मला सांगितलं. मी पायलटला सांगितलं. बिचारा खाली उतरून कागद बघून आला. माणसं बरोबर होती.

शेवटी आक्काच म्हणाली, "आवो, स्वतःला धरलं का?"

दाजींना ते पटलं नाही. "कंडक्टरला पॅसेंजरात धरत्यात व्हय?"

*

सेंट किट्सच्या धक्क्यावर बोटीला गर्दी होती. दाजींनी सवयीप्रमाणं खिडकीतून टॉवेल टाकून जागा धरली आणि आरामात रांगेत उभे राहिले. थोड्याच वेळात आतली एक आजीबाई गर्दीतून वाट काढत बाहेर आली. टॉवेल चुकून पडला समजून तिनं तो घडी करून दाजींच्या हातात दिला, वर त्यांच्या गालाला हात लावून गेली.

जागा अर्थातच गेली. आम्ही उभ्यानं निघालो.

निघालो कसले! बोट हलेचना. तेवढ्यात जावयाचा फोन आला. शीतलला कळा सुरू झाल्या होत्या. आक्कानं डबा घट्ट धरला आणि पाण्यापलीकडच्या डोंगराकडं बघत राहिली.

दाजींनी तिच्याकडं एकदा पाहिलं. मग बोटातली चांदीची अंगठी बोटीच्या लोखंडी दांड्यावर आपटली. टक, टक.

बोट सुटली.

*

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा शीतलला अजून बाळंतपणाच्या खोलीत न्यायचं होतं. आक्कानं तिचा हात धरला, तो पार आतल्या दारापर्यंत सोडला नाही. पहाटे मुलगी झाली.

पोरीचा आवाज थेट कोल्हापूरचा. शीतलनं घेतलं, जावयानं फिरवलं, नर्सनं थोपटलं. रडं थांबेना. आक्का म्हणाली, "तुम्ही बघा की जरा."

दाजी पाळण्यापाशी गेले. अंगठीनं दांड्यावर एकदाच वाजवलं. टक.

पोरगी गप्प झाली. डोळे उघडून त्यांच्याकडं बघायला लागली.

आक्कानं हळूच दाजींचा हात धरला.

"आता दुसरी बेल देऊ नगा."