छोट्या सेठनं काट मारलेला कागद

छोट्या सेठनं माझा कागद दोन बोटांत उचलला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा वाचला. “होळीपर्यंत पिकवण खोलीचं काम शिकेन. दिवाळीपासून खोली मी सांभाळेन. एका खेपेत एका क्रेटच्या वर माल काळा पडू देणार नाही.” मग हसला. “अरे वाह! ये तो मालकिन बनने चली है!”

सगळे हसले. माझ्यासोबत राबणाऱ्या बायाही. त्यांचं हसणं मला जास्त झोंबलं.

शाहपूरजवळच्या त्या केळीच्या वखारीत मी सहा वर्षं केळी धुतली. बी.कॉम. झालेली, तरी हौदापाशीच. छोटा सेठ इंदूरहून कसलासा कोर्स करून आला होता. त्यानंच फर्मान काढलं, प्रत्येकानं वर्षाचं ध्येय लिहायचं. काय करणार, किती, कधीपर्यंत, सगळं साफ. मी साफ लिहिलं. त्याच्या मेव्हण्यानं लिहिलं, ‘खूब मेहनत करूंगा.’ त्याला टाळ्या.

पिकवण खोलीत बाई जात नाही, ही तिथली रीत. बाईच्या सावलीनं केळी काळी पडतात म्हणे. काळी पडत होती ती मेव्हण्याच्या आळसानं. खोलीचं दार वेळेवर उघडून हवा खेळवावी लागते, आणि हा झोपा काढायचा. दारातून बघून बघूनच मला अर्धं काम आलं होतं. ती खोली मला हवी होती.

सेठनं माझ्या ओळींवर काट मारली. खाली लिहिलं, ‘समय पर आना. ज़बान बंद रखना.’

“ये है तेरा गोल. क्लियर है ना?”

आणि अंगठा उठवायला शाईचा पॅड पुढे सरकवला. मला. दर महिन्याला पगाराच्या कागदावर सही करणाऱ्या बाईला.

शेजारची आक्का कुजबुजली, “टेकव ना बाई अंगठा. काम जाईन तुझं.”

डोक्यात तिडीक गेली. मी उठले, कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. “अंगूठा नहीं लगाऊंगी. और कल से आऊंगी भी नहीं.” कागदाची घडी घातली. तशीच बाहेर पडले.

आता शहरातल्या शनवारा भागात एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या पिकवण खोलीत आहे. ते असली रीतबीत मानत नाहीत. खोली मीच लावते, मीच उघडते. माल पिवळाजर्द निघतो.

लोक म्हणतात, झालं गेलं विसर. का विसरू? मला सूड हवाय, आणि तो कसा लिहायचा ते मला पक्कं कळतं. छोट्या सेठची शहरात चार मोठी गिऱ्हाइकं. एक मागच्या महिन्यात माझ्याकडे आलं. दुसरं संक्रांतीच्या आत येईल. उरलेली दोन ऊन तापायच्या आधी. मग त्याची खोली रिकामी पडेल. ती भाड्यानं मागायला मीच जाणार, आणि भाडंही मीच ठरवणार.