भरलेली बशी

लेखणी हाती धरण्याचा अधिकार मला नाही, हे आरंभीच सांगतो. जन्मभर गावच्या शेतकी सोसायटीच्या सभांचे ठराव लिहिले. त्यांत ‘मी’ हा शब्द कधी येत नसे. आता उतारवयात तो लिहिताना संकोच वाटतो — क्षमा असावी. जे सांगणार आहे, ते मी पत्नीलाही कधी सांगितलेले नाही.

सुरुवात एका सिनेमापासून करतो. ते सोपे आहे.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी येरमाळ्याच्या यात्रेत, तंबूतल्या टॉकीजला, तो हिंदी सिनेमा आला. एका टोळीचा म्होरक्या, त्याची माणसे आणि त्यांच्यातला एक फितूर. फितूर हुडकण्यासाठी म्होरक्या एकेकापुढे चहाची काठोकाठ भरलेली बशी ठेवतो आणि हलक्या आवाजात म्हणतो, ‘पी.’ ज्याच्या हातून चहा सांडेल, तो फितूर. एवढेच. पण त्या बशीने आमच्या भागाला वेड लावले. हॉटेलात, लग्नाच्या मांडवात, भूमच्या बाजारात — जिथे बशी, तिथे मान तिरकी करून ‘पी’. चारचौघांत तोंड उघडताना मला घाम फुटे. पण तो ‘पी’ मला हुबेहूब साधला. लोक मला बोलावून नेऊ लागले. लाजाळू माणसाला हे केवढे सुख, ते कसे सांगू?

मग पाऊस गेला. सोसायटीने जनावरांची छावणी उघडली; मी सेक्रेटरी होतो. छावणीसाठी आलेला कडबा चेअरमनच्या गोठ्याकडे वळतो, हे मी रोज पाहत होतो. एकदा तपासणीच्या साहेबांना जीपपर्यंत पोचवायला गेलो आणि — कसे कोण जाणे — बोलून गेलो. आयुष्यात तेवढे एकच धैर्य केले.

साहेबांनी चेअरमनला जाब विचारला. माझे नाव घेतले नाही. गावात एकच विचारणा सुरू झाली — सांगितले कोणी?

त्याच आठवड्यात छावणीवर दुपारचा चहा चालला होता. कोणीतरी म्हणाले, सेक्रेटरी, होऊन जाऊ द्या तुमची बशी. चेअरमनही हसले. नाही म्हटले असते, तर त्यांची नजर माझ्यावर थांबली असती. मी बशी भरली. आणि ती बळीराममामांपुढे ठेवली.

मामा छावणीवर कडबा तोडत. त्यांची बैलजोडी तिथेच दावणीला होती. सकाळपासून कोयता चालवून दुपारी त्यांचे हात थरथरतात, हे — इथे थांबावेसे वाटते, पण थांबत नाही — हे मला ठाऊक होते.

‘पी,’ मी म्हणालो. बापाच्या वयाच्या माणसाला.

चहा धोतरावर सांडला. लोक हसले. मग हसू विरले आणि सगळे चेअरमनकडे पाहू लागले.

‘सकाळधरनं कडबा तोडून हात कापायलेत,’ मामा म्हणाले. ‘दुसरं काय न्हाय.’

‘व्हय का?’ चेअरमन म्हणाले. ‘मग उद्यापासून हाताला आराम द्या, मामा. बैलं घिऊन जावा.’

दिवस मावळताना मामा माझ्या दारात आले. आत या म्हटले, तरी आले नाहीत.

‘तुमी शिकलेले,’ म्हणाले. ‘तुमचं ऐकत्यात. म्या काय बोललो न्हाय, एवढं चेरमन आण्णाला सांगा. बैलं मरतील.’

‘बघतो,’ मी म्हणालो. चेअरमनच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो, आणि परत आलो.

एक बैल मामांच्या घरच्या दावणीला बसला, तो उठला नाही. दुसरा त्यांनी बाजारात नेला. पुढे ते घर दाराला कडी लावून ऊसतोडीला गेले. मामा गावात पुन्हा दिसले नाहीत. फितूर हे नाव मात्र त्यांच्या मागे गावात राहिले. चेअरमन वारल्यावरही मी ते पुसले नाही. कोणासमोर पुसणार होतो? आणि कोणत्या तोंडाने?

सिनेमा मात्र गेला नाही. टीव्हीवर आला, आता फोनवर आला आहे. परवा नातीच्या साखरपुड्यात धाकट्या नातवाने भरलेली बशी माझ्यापुढे धरली, मान तिरकी केली आणि म्हणाला, ‘पी.’ माझे हात आता वयाने कापतात. चहा सदऱ्यावर सांडला. सगळे हसले, मीही हसलो.

तुमच्याकडे हा खेळ अजून खेळतात का?